तळहातावरचं वजन

काटा दुसऱ्यांदा बंद पडला. कोल्हापूरच्या ऑफिसातून मला साखर कारखान्यावर धाडलं होतं. वजनकाट्याच्या खोलीत मी लॅपटॉप उघडून बसलो होतो आणि बाहेर उसाच्या ट्रॉल्यांची रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती. सर्व्हर एकच, पण त्याच्या पोटात चार आभासी कॉम्प्युटर चालत. त्यांना जोडणारं नेटवर्क कार्डही आभासी, म्हणजे नुसता कोड, आणि तो मी लिहिलेला.

काट्याचा आकडा या कार्डातूनच जाई. तो कुठे ठेवायचा ते सांगणारा पॉइंटर मधूनच रिकामा निघे आणि सगळं कोसळे. का रिकामा, ते शोधायला वेळ हवा होता. बाहेर शिव्या सुरू झाल्या होत्या. मी घाबरून एक ओळ घातली: पॉइंटर रिकामा असेल तर गुपचूप परत फीर. काटा सुरू झाला. काट्यावरच्या क्लार्कनं चहा मागवला आणि मी तो मोठ्या ऐटीत प्यालो.

तासाभरानं कुरुंदवाडकडचे एक म्हातारे शेतकरी ट्रॉली रिकामी करून परत काट्यावर आले. भरलेलं वजन आधी, रिकामं नंतर, आणि पावती त्यानंतर. त्यांचं भरलेलं वजन कॉम्प्युटरात नव्हतंच.

"तुमी वजन केलंच न्हाय," क्लार्क म्हणाला.

"न्हाय कसं? तुमच्याम्होरंच हुबा हुतो की."

मी लॅपटॉपवर कोड परत वाचला. माझी ओळ आकडाच फेकून देत होती, आणि फेकल्याची नोंद ठेवायचंही मला सुचलं नव्हतं. ऊस तर केव्हाच कारखान्याच्या गव्हाणीत पडून चिरडला गेला होता. गप्प बसलो असतो तर खोटे तेच ठरले असते. बाहेरची गर्दी बघून मला गप्पच बसावंसं वाटलं, हे कबूल करतो.

"चूक माझी आहे. काटा थांबवा," मी म्हणालो.

खरी दुरुस्ती अर्ध्या तासाची निघाली. नेटवर्क तुटून परत जुळलं की आकडे ठेवायची जागा तयार होण्याआधीच कार्ड ते घ्यायला लागे. मी तो क्रम बदलला.

मग म्हातारे खिडकीशी आले आणि त्यांनी मूठ उघडली. काट्याच्या नोंदीवर भरवसा नाही म्हणून त्यांनी पडद्यावर दिसलेला आकडा बॉलपेननं तळहातावर लिहून घेतला होता. पहिले दोन अंक दिसत होते.

"फुडचं ट्रॅक्टर चालवताना घामानं पुसलं. मशीन तुमचं न्हवं? तुमीच सांगा पावणं, किती हुतं?"

मी त्यांचा हात दोन्ही हातांनी धरून उजेडाकडे वळवला.