यष्टीमागून दिसणारं मैदान

मैदान वाचवायला मी सह्या गोळा करत होतो. तिथं पार्किंग करायचा घाट आहे. शेजारच्या दामूअण्णांनी सहीसाठी पेन मुठीत धरलं, कारण बोटं सगळी वाकडी. तरुणपणी गिरणीच्या संघात बारा वर्षं यष्टिरक्षण केल्याची ती खूण. एखादा चेंडू सुटला की लोक त्यांचं नाव घ्यायचे, शिवीसकट. शंभर अडवले तेव्हा मात्र कुणी तोंड उघडलं नाही. चीड येते मला.

माझं पत्रक वाचून अण्णा हसले. "'वारसा' काय लिहितोस, लेका? लिही, अण्णाला तिथं एकदा उकिडवं बसायचंय."

"गुडघे ऐकतील?"

"त्यांना विचारतोय कोण!"

संध्याकाळी गेलोच आम्ही. माझा खांदा धरून, कण्हत, ते यष्टीच्या जागेमागे बसले. तेव्हा मला उमगलं, संघातले जवळजवळ सगळे यष्टीकडे तोंड करून उभे असतात. उलट बाजूनं सबंध मैदान बघायचं ते यष्टिरक्षकानं. माझ्या पत्रकात तर नुसता 'वारसा' आणि चौरस फूट होते.

बराच वेळ झाला. मी समोर जाऊन हात पुढे केला. "अण्णा, बास. उठा आता."

"बाजूला हो रे," ते म्हणाले. "सगळं दिसू दे."