साखरपुड्याची बोट

माझ्या साखरपुड्याला सासरची मंडळी समुद्रातून आली. असं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, हिला कुठल्या तरी बेटावर दिली. तसं काही नाही. माझं माहेर रोह्याच्या पुलापलीकडे अष्टमीत आणि सासर पेण तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावात. सकाळचा चहा घेऊन एसटीत बसलेला माणूस आरामात जेवायला पोचतो. फक्त वडखळला गाड्या तुंबल्या असल्या तर जेवणाचं काही खरं नसतं.

सासऱ्यांचं म्हणणं, त्या तुंबलेल्या गाड्यांमुळेच बोट काढावी लागली. माझं म्हणणं, बोट निघाली ती नव्या डब्यामुळे.

सासरे मच्छीमार. त्यांच्या बोटीवर नुकतंच सरकारी योजनेतून उपग्रहाशी बोलणारं यंत्र बसवलं होतं. आधीही एक होतं, पण ते एकमार्गी. बुडताना बटण दाबलं की निरोप जायचा, तो कुणाला मिळाला की नाही ते मात्र बोटीवर कळायचं नाही. सासरे म्हणायचे, आपण बोंब मारायची आन् समोरून कुणी ओ द्यायचा नाय, त्याला काय अर्थ हाय? नवा डबा ओ द्यायचा. किनाऱ्यावरच्या नियंत्रण कक्षातून परत निरोप यायचा, तोही मराठीत, आणि तो मोबाईलवर वाचता यायचा. वारा वाढणार असेल, वादळ असेल, तर आधीच सूचना यायची. सासरे त्या सूचना घरी, नाक्यावर, आणि एकदा तर कुणाच्या बारशातसुद्धा मोठ्याने वाचून दाखवायचे. पेणमध्ये ऊन पडलेलं असायचं आणि हे सांगायचे, समुद्र खवळलेला राहील, सावध राहा.

त्यांचा मुलगा, म्हणजे माझा होणारा नवरा, डोलवीच्या कंपनीत क्रेन चालवायचा. पाण्याशी त्याचा संबंध बापाने आणलेल्या म्हावऱ्यापुरता. एका मैत्रिणीच्या हळदीत आमची ओळख झाली आणि पुढे दोन्ही घरांनी ती मान्य केली. डब्याची नोंद त्याच्या मोबाईलवर होती. बोट कुठे आहे ते त्या ॲपमध्ये दिसायचं, हिरव्या ठिपक्यासारखं. त्याने ते माझ्याही मोबाईलवर सुरू करून दिलं. मी धाटावच्या एका कारखान्यात लॅबला होते. दुपारच्या डब्याला बाकीच्या मुली मालिका बघायच्या आणि मी सासऱ्यांची बोट. लग्नाआधी सासऱ्यांवर एवढी नजर ठेवणारी सून बहुधा मीच.

साखरपुडा ठरला तो डिसेंबरातला रविवार. सासरे आमच्याकडे बसून म्हणाले, "त्या दिवशी सगळी मुंबय अलिबागला निघंल. रस्त्यानं येणं काय आमच्यानं व्हणार नाय. आमी बोटीनं येतो." खाडीतून खाली उतरून समुद्राला लागायचं, अलिबाग डावीकडे टाकायचं, रेवदंड्याला कुंडलिका नदीत शिरायचं आणि भरतीच्या पाण्याबरोबर पाणी नेईल तिथवर वर यायचं. तिथून टेम्पो आमचा.

माझे वडील आयुष्यभर एसटी चालवून निवृत्त झालेले. त्यांच्या मते महाराष्ट्रात एसटी जात नाही असं एकही ठिकाण नाही आणि असलंच तर तिथे जायची गरज नाही. बोटीने साखरपुड्याला येणं त्यांना घराण्याच्या अब्रूचा प्रश्न वाटला. त्यांनी आख्खी गाडी ठरवून द्यायची तयारी दाखवली. सासऱ्यांनी फक्त मोबाईल काढला आणि त्या आठवड्याचा वाऱ्याचा अंदाज वाचायला सुरुवात केली. वडिलांनी हात जोडले.

रविवारी मी हिरवा शालू नेसून, हातभर मेंदी लावून बसले होते आणि मांडीवर मोबाईल होता. ठिपका उजाडता उजाडता खाडीतून निघाला. रेवसच्या तोंडाला आला. थळ ओलांडलं. आई दर थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून विचारायची, कुठवर आली गो? मी सांगायचे. शेजारच्या बायका अंगणात बसून माझं समालोचन ऐकत होत्या. नवरा मुलगा घोड्यावरून येताना पाहिला होता, गाडीतून येताना पाहिला होता. ठिपका होऊन येताना कुणीच पाहिला नव्हता. मला हसू आवरत नव्हतं. गजरा माळणारी मावशी सारखी म्हणत होती, मान हलवू नकोस.

अलिबाग मागे पडलं आणि ठिपका लाल झाला.

मी ठिपका दाबून उघडला. खूण काय आहे ते पाहिलं. बुडत असल्याची नव्हती, आगीची नव्हती. वैद्यकीय मदत हवी, अशी होती. त्याला फोन लावला, लागेना. सासऱ्यांना लावला, लागेना. मग माझ्या तोंडावरून आईला कळलं. वडील आतून आले, त्यांनी मोबाईल माझ्या हातातून घेतला आणि लाल ठिपक्याकडे बघत उभे राहिले. म्हणाले, "मी सांगत होतो." पण आवाज रागाचा नव्हता, घाबरल्याचा होता.

तिकडे काय झालं होतं ते मला नंतर तिघांकडून तीन तऱ्हांनी कळलं. त्यातलं जुळणारं ते असं.

खाडीतून बाहेर पडल्यावर बोट हलायला लागली आणि कोळ्याचा मुलगा, क्रेनच्या टोकावर दिवसभर बसणारा माणूस, बोट लागून आडवा झाला. नवं जाकीट, फेटा, सगळं बाजूला. सासरे म्हणाले, व्हईल बरा. पण त्याच्या आत्याला ते बघवेना. आत्या विधवा, त्याला लहानाचं मोठं तिनेच केलेलं. ती डब्यापाशीच बसली होती. त्याच्यावर निरनिराळ्या संकटांची निरनिराळी बटणं होती. तिचा भाऊ, म्हणजे माझे सासरे, कितीदा तरी गावभर समजावून सांगत, त्यामुळे कुठलं कशाचं ते तिला पाठ होतं. सासरे सुकाणूपाशी पाठ करून उभे असताना तिने आजाऱ्याचं बटण दाबलं.

डब्याने ओ दिली. मोबाईलवर निरोप आला, तुमचा संदेश मिळाला, मदत येत आहे. सासऱ्यांनी तो सवयीने मोठ्याने वाचला. मग त्यांच्या लक्षात आलं की हा निरोप आपल्यासाठीच आहे. त्यांनी ताबडतोब सगळं ठीक असल्याचं कळवायचा प्रयत्न केला. पण मदत खरोखरच जवळपास होती. गस्तीची बोट आली, शेजारी लागली आणि एका अधिकाऱ्याने विचारलं, पेशंट कुठे आहे?

पेशंट टोपात डोकं घालून बसला होता.

अधिकाऱ्याने शालू पाहिले, नारळ पाहिले, साखरेच्या पुड्यांची परात पाहिली. त्याने सासऱ्यांना खडसावलं. मासेमारीच्या बोटीवर वऱ्हाड नेतात का? आणि नेलं ते नेलं, एकाच्याही अंगात लाईफ जॅकेट नाही. हे बटण जीव वाचवायला असतं, उलटीला नाही. सासरे मान खाली घालून ऐकत होते. त्या वेळी आत्या बोलली.

"मंग उलटीचं बटण येगळं का नाय ठेवलं?"

त्या अधिकाऱ्याने समुद्राकडे तोंड फिरवलं. बराच वेळ फिरवून ठेवलं. मग त्याने नवऱ्या मुलाला गोळी दिली, आपल्या बोटीवरची जॅकेटं मागवून एकेकाच्या अंगात चढवली आणि बंद नीट बांधलेत का ते स्वतः पाहिलं. जागेवर सोडलं नाही, रेवदंड्याच्या खाडीत शिरेपर्यंत तो बरोबर राहिला. जॅकेटं नंतर रेवदंड्याला पोचवा म्हणाला आणि लाडू घेऊन गेला.

इकडे ठिपका पुन्हा हिरवा झाला आणि लगेच होणाऱ्या नवऱ्याचा फोन आला. आवाज अगदी बारीक. म्हणाला, "मी जिवंत आहे, पण मला काही खायला नको." मी इतक्या जोरात हसले की गजरा सुटला. मग थोडं रडलेही. मावशीने दोन्ही वेळा मान धरून ठेवली.

टेम्पो दारात आला तेव्हा ती मंडळी उतरली ती अजून नारिंगी जॅकेटांतच. टेम्पो वाटेत फार उडत होता आणि आत्याने कुणालाही ते काढू दिलं नव्हतं. पैठणीवर जॅकेट, फेट्याखाली जॅकेट. आमच्या आळीतल्या लोकांना वाटलं, त्यांच्यात अशी पद्धत असेल. शेजारच्या काकूंनी मला कानात विचारलंसुद्धा, आपल्याकडूनही घालायचं का?

भटजी मुहूर्ताची घाई करत होते आणि सासरे त्याहून जास्त. भरती संपायला आली होती. पाणी उतरलं की बोट चिखलात बसणार. त्यामुळे माझा साखरपुडा ओहोटीच्या हिशोबाने उरकला. नवऱ्या मुलाचं अंग अजून झुलत होतं, अंगठी माझ्या बोटाजवळ यायची आणि बाजूने जायची. शेवटी मीच बोट पुढे करून ती घालून घेतली. मांडवात हशा पिकला. तोही हसला. दिवसभरात त्याच्या चेहऱ्याला पहिल्यांदा रंग आला. त्या क्षणी मला तो एवढा आवडला की आजही सांगता येत नाही.

परतीला बाकी सगळे रस्त्याने जाणार हे ठरूनच गेलं. बोटीवर फक्त सासरे आणि त्यांचा खलाशी. माझे वडील त्यांना धक्क्यापर्यंत सोडायला गेले. ते परत आले नाहीत.

आई काळजीत पडायच्या आत त्यांचा फोन आला. मागे इंजिनाचा आवाज. ते म्हणाले, डबा कसा असतो ते बघायला जरा चढलो होतो, तेवढ्यात पाणी उतरायला लागलं, आता पेणलाच उतरतो. आईने विचारलं, अंगात ते जॅकेट आहे का? ते म्हणाले, आहे, आणि दोन्ही बंद बांधलेत.

मग जरा थांबून त्यांनी तिला विचारलं, "मी तुला ठिपक्यात दिसतोय का?"

आईने माझ्या हातातून मोबाईल घेतला, चष्मा लावला आणि खाडीच्या निळ्या पट्टीवर त्यांना शोधत बसली.