तोफेचा रविवार
गल्लीत तिला सगळे तोफ म्हणत. दिवसभर ती लाँड्रीत उभी राहून इस्त्री करायची, आणि कुणी वाकडं बोललं की इस्त्रीपेक्षा तिची जीभ जास्त तापायची. नवरा टुरिस्ट गाडीचा ड्रायव्हर. परक्या लोकांना राजवाडा, मनोरा, नदीकाठचा बाजार दाखवण्यात त्याचा जन्म गेला होता. बायकोनं यातलं काहीही पाहिलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

शेवटी तिनं ताट वाढता वाढता बजावलं, "या रविवारी मला शहर दाखवायचं. नाहीतर सोमवारपासून आपला डबा आपण करायचा."

रविवारी ठेवणीतले कपडे घालून ती खाली उतरली, तर गाडीत मागच्या सीटवर एक जोडपं तान्ह्या मुलीला घेऊन बसलेलं.

"हे कोण?"

"अगं, ऐनवेळी मालकाचा फोन आला. नाही कसं म्हणणार? तू पुढं बस ना. तुझंही फिरणं होईल, माझंही काम. एका दगडात दोन पक्षी!"

"त्यातला मेलेला पक्षी मीच ना?" म्हणत तिनं दार धाडकन लावलं.

राजवाड्यापाशी मागची बाई म्हणाली, "ताई, पाच मिनिटं हिला धरता? आत्ताच झोपलीय." पाच मिनिटं संपता संपेनात. तोफेला राजवाड्याची मागची भिंत आणि पार्किंग तेवढं दिसलं. मनोऱ्यापाशी पुन्हा तेच, शिवाय पिशव्याही सांभाळायला. नवरा खाली मान घालून काच पुसत राहिला. तिच्या डोक्यात नुसती तिडीक गेली होती, पण झोपलेल्या लेकरावर कसं ओरडायचं?

दुपारी नदीकाठच्या हॉटेलात पाहुणे वरच्या मजल्यावर गेले. नवरा तिला मागच्या दारानं आत घेऊन गेला. भांडी घासायच्या जागेशेजारी चार स्टुलं होती. पायाखाली साबणाचं पाणी वाहत होतं.

"बस. इथलं जेवण चांगलं असतं," तो म्हणाला.

"तुम्ही रोज इथं जेवता?"

"ड्रायव्हर लोक इथंच बसतात."

सकाळपासूनचा राग स्वतःसाठी होता. आता त्याच्यासाठीही आला, आणि तो जास्त भाजत होता. ती उठली, तरातरा जिना चढली आणि खिडकीजवळच्या टेबलावर जाऊन बसली.

"कुणासोबत आलात?" वेटरनं विचारलं.

"माझ्यासोबत. सूप, तळलेला मासा आणि भात आणा. गरम!"

पलीकडच्या टेबलावरून हाक आली, "ताई, हिला जरा घेता का?"

"मूल तुमचं, जेवण माझं," ती म्हणाली. सगळं हॉटेल वळून बघू लागलं.

नवरा धावत वर आला. "खाली चल. लोक बघतायत."

"बघू देत. तुम्ही बसा."

तो बसला नाही. ती सावकाश जेवली, आपल्या पगारातून बिल चुकतं केलं, आणि बस पकडून एकटी राजवाड्यावर गेली. आरशांच्या दालनात प्रत्येक आरशात आपलाच लाल झालेला चेहरा तिला दिसला.

संध्याकाळी घरात भांडण पेटलं. "पाहुण्यांनी तक्रार केलीय. मालक मला काढून टाकेल!"

"टाकू दे! माणसासारखं बसायला देत नाहीत तिथं घास तरी कसा उतरतो तुमच्या घशाखाली?"

मालकानं काढलं नाही, पण आठवडाभर गाडी दिली नाही. आठवडाभर दोघांत अबोला. पुढच्या रविवारी तिनंच त्याच्या बाहीला धरून त्याला त्याच हॉटेलात ओढत नेलं, पुढच्या दारानं. तो खुर्चीच्या कडेला चोरासारखा बसला. सूपचा एक घोट घेतला आणि चमचा खाली ठेवला.

वेटर जवळून जात होता. तोफेनं तोंड उघडलं, पण त्याआधीच नवऱ्यानं टेबलावर हात आपटला.

"हे गार आहे. बदलून आणा!"

आवाज सगळ्या हॉटेलात घुमला. तो स्वतःच दचकला. तिनं आपला वाडगाही वेटरच्या हातात दिला.