राईनं मागितलेलं देऊळ

खंडाळ्याच्या एका बंगल्यावर मी मोटार चालवायचो, आणि घाट उतरता उतरता पाहुण्यांना आमच्या गावच्या देवराईच्या गोष्टी सांगायचो. भर दुपारी राईत शिरलेला माणूस तिन्हीसांज झाली समजून घरी जेवायला परततो. बेहड्याच्या बुंध्याला वळसा घालायला निघालेलं वासरू पलीकडून बैल होऊनच बाहेर आलं. धनेश पक्षी उडाला तेव्हा पंखांच्या आवाजानं मालगाडीच आली समजून फाटकवाल्यानं फाटक लावलं. पाहुणे हसायचे. हसू देत. राई होती, म्हणून फुगवायला काहीतरी होतं.

तिला ना कुंपण ना राखणदार. राईतली काटकी चुलीत घातली तर घरातलं माणूस आंधळं होतं, एवढा धाक पुरायचा. काही लागलंच तर देवाला कौल लावायचा. शेंदरी दगडाच्या दोन्ही अंगांना ओली फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. झाडासाठी उजवं कधी पडलंच नाही. आज्यानं नांगराला एक फांदी मागितली, तर डावं फूल पडलं नाही, आज्याच्या तोंडावर उडालं म्हणतात.

पुढं खालच्या गावांतून सिमेंटची देवळं उठली आणि आपला देव उघड्यावर बसतो, याची आमच्या लोकांना लाज वाटू लागली. तेवढ्यात कोळशाचा ठेकेदार आला. देऊळ मी बांधतो, राई मला द्या, म्हणाला. गुरवानं कौल लावला आणि देवाला विचारलं, तुला पक्कं देऊळ हवं का? उजवं फूल पडलं. लोकांनी गुलाल उधळला.

राईला लागून माझ्या मावशीचं घर. तिनं सगळ्यांदेखत गुरवाला गाठलं.

"आबा, देऊळ पायजे का ते इचारलंत. झाडं तोडू का, ते कुटं इचारलं?"

"येका कामाला दोनदा कौल लावत न्हाईत, बाई. देव कोपतो."

"डाव्या फुलाचं भ्या वाटतंय म्हना की."

पुन्हा विचारा, असं मीही म्हणालो. तर एकजण म्हणाला, तू तुझ्या सायबांना गोष्टी सांग जा.

राई पडली. कोळशाच्या भट्ट्यांचा धूर इतके दिवस डोंगरावर बसला की आमच्या म्हशी पांढऱ्या असत्या तरी काळ्या झाल्या असत्या. शेवटचं झाड पडलं तेव्हा त्यावरचं शेकरू खाली आलं. ही मोठी तांबडी झाडखार जमिनीवर उतरलेली गावात कुणी पाहिली नव्हती. पुढं फांदी असल्यासारखं ते उडी घ्यायचं आणि चिखलात आपटायचं. कुत्री धावली. मावशीनं काठी घेऊन त्यांना हाकललं आणि त्याला परसातल्या आंब्यावर चढवलं. तिथून ते दिवसभर उघड्या उताराकडं तोंड करून खडखडत राहिलं. उलट हाक आली नाही.

पुढच्या खेपेला गेलो तर आंबा गप्प. दुसऱ्या राईत गेलं असंल, मी म्हणालो. घाटाच्या अंगाला मी सोता बघितलं, असंही ठोकून दिलं.

"मदी येक झाड न्हाई," मावशी म्हणाली. "कशावरनं गेलं?"

मी घाटाकडं बोट दाखवलं. तिनं तिकडं बघितलंसुद्धा नाही.