खिंडीतली ओटी

पन्नाशी उलटल्यावर मी पळायला लागले, आणि मला ते चांगलं जमतं. हे आधीच सांगून टाकते, कारण या वयाच्या बाईने पळण्याबद्दल लिहायला घेतलं की लोक गुडघ्यांच्या तक्रारी ऐकायच्या तयारीने बसतात. माझे गुडघे ठणठणीत आहेत. माझी अडचण वेगळीच होती.

मी सांगलीत राहते. इथे डोंगर नाही. चढ म्हणावा तर घाटाच्या पायऱ्या आणि कृष्णेवरच्या पुलाकडे जाणारा रस्ता. पहाटे मी तोच पुन्हापुन्हा चढायचे, तेव्हा मोटारसायकलवाले थांबून विचारायचे, "वहिनी, सोडू का स्टँडपर्यंत?" एकदा एका दूधवाल्याने गाडी थांबवून माझ्यामागे कुत्रं लागलंय का ते नीट पाहून घेतलं. घरातले लवकर सरावले. नवरा हळदीचा व्यापारी. त्याच्या हातात हळकुंड आलं की तो ते कडाड्कन मोडून आतला रंग बघतो, मग ते दुकानातल्या पोत्यातलं असो की स्वयंपाकघरातल्या डब्यातलं. माणसांनाही तो साधारण तसंच पारखतो. माझे पहिले बूट आले तेव्हा तो एवढंच म्हणाला, "हिवाळा संपेपर्यंत टिकलीस तर मानलं." मी तीन हिवाळे टिकले. त्याने मानलं.

मला पळायची होती ती पाटणच्या डोंगरातली पन्नास किलोमीटरची शर्यत. तिच्यात डांबरी रस्ता जवळजवळ नाहीच. पायवाटा, ओढे, उघडे सडे, आणि मध्ये एक खिंड. खिंडीत ठरलेल्या वेळेच्या आत पोचलं नाही तर तिथेच थांबवतात आणि जीपमध्ये बसवून परत आणतात. ही खिंड माझ्या माहेरच्या वाडीच्या अगदी वर आहे. लहानपणी मी तिथे करवंदं खाल्ली आहेत. म्हणजे शर्यत माझ्या अंगणातच होती आणि मला वाटलं, हे तर आयतंच झालं.

आई-वडील गेल्यापासून माहेर म्हणजे काकीचं घर. काका फौजेतून निवृत्त, दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची हजेरी घेतात. डोंगराचा सराव करायला मी शनिवारी एसटीने पाटणला उतरायचे, काकीकडे मुक्काम करायचे आणि रविवारी सकाळी पळायला निघायचे. जाताना दर वेळी नवऱ्याच्या दुकानातली शेरभर हळकुंडं काकीसाठी न्यायचे.

आणि इथेच घोळ झाला. आमच्याकडे माहेरवाशिणीला रिकाम्या ओटीने कुणी जाऊ देत नाही. पायवाटेवर जितक्या वाड्या तितक्या चुलत्या, मावश्या आणि बालमैत्रिणी. मी घामाघूम होऊन एखाद्या दारावरून निघाले की आतून हाक यायचीच.

"आगं थांब की! अशी कशी जातीस? च्या तरी घे."

चहा झाला की कुंकू, कुंकवानंतर नारळ. टी-शर्टाला पदर नसतो, म्हणून मी त्याचं पुढचं टोक धरून ओटी घ्यायचे आणि नारळ पाठीवरच्या पाण्याच्या पिशवीशेजारी कोंबायचे. पुढच्या चढाला कुंकू घामाबरोबर डोळ्यात उतरायचं आणि ते झोंबतं कसं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. संध्याकाळी मी सांगलीत उतरले की नवरा पिशवी उचलून बघायचा. "पळायला गेली होतीस की ओटी गोळा करायला?" त्या वर्षी आमच्या घरी खोबरं विकत आणावं लागलं नाही. एक मात्र खरं, नारळ पाठीवर घेऊन डोंगर चढल्यामुळे माझ्या मांड्या अशा तयार झाल्या की तरुण मुली चढावर मागे पडायच्या.

पण शर्यतीत घड्याळ चालू असतं. पहिल्या वर्षी मी वाडीत पोचले ती चांगल्या वेळेत. काकी ताट घेऊन उभी, काकांनी खास शर्ट घातलेला, शेजारच्या बायका जमलेल्या. ओटी भरली. मग चहा आला. मग काकी म्हणाली, गरम भाकरीचा एक घास खा, उपाशी पोटी डोंगर चढू नये. उठून जायचं माझ्या मनात आलं, पण उठले नाही. खिंडीत पोचले तर तिथला माणूस अगदी नम्रपणे म्हणाला, "मॅडम, वेळ संपली." पायात ताकद शिल्लक होती, याचाच जास्त संताप आला. जीपमध्ये मांडीवर नारळ घेऊन बसले आणि रडले. काकीला सांगितलं, पायात गोळा आला होता.

पुढच्या वर्षी पुन्हा नाव घातलं. या वेळी पाय तयार करायचे नव्हते, तोंड तयार करायचं होतं. नाही म्हणायचा सराव मी रीतसर केला. वाटेवरच्या बायकांना हात जोडून पळतच सांगायचे, "परत येताना!" त्या हसायच्या, दोन-तीन रविवारी रुसल्या, मग सवय झाली. राहिली एक काकी. तिला असं पळता पळता सांगून भागणार नव्हतं.

शर्यतीच्या आधीच्या महिन्यात ती चुलीपुढे भाकऱ्या थापत होती, तेव्हा मी म्हटलं, "काकी, यंदा मी दारात थांबणार नाही."

"ओटी भरायला किती टायम लागतोय?"

"ओटीला नाही लागत. तुझ्या दारातून पाय निघत नाही, त्याला लागतो. गेल्या साली त्यानंच खिंड हुकली. पायात गोळा-बिळा काही आला नव्हता."

तिचे हात थांबले नाहीत. भाकरी तव्यावर पडली, तिच्यावर पाणी फिरलं. मग ती म्हणाली, "बरं."

काकीच्या 'बरं'चे अर्थ मला लहानपणापासून पाठ आहेत, पण हा त्यातला कुठला ते कळेना. जेवताना ती नेहमीसारखीच बोलली. निघताना मात्र ओटी भरली ती न बोलता. सांगलीला येईपर्यंत मला वाटत राहिलं की आईला नाही म्हटलंय.

शर्यतीच्या दिवशी मी उत्तम पळाले. यात विनय नको. पहिले ओढे झटपट गेले, सड्यावर वारा होता, गूळ-शेंगदाण्याच्या वड्या वेळेवर पोटात जात होत्या. मन मात्र वाडीपाशी अडकलेलं. काकी दारात दिसली तर मी खरंच थांबणार नाही का? मी स्वतःला बजावलं की हात जोडायचे, हसायचं आणि पुढे जायचं. पण खरं सांगायचं तर माझा माझ्यावर भरवसा नव्हता. पायांवर होता.

वाडी आली. काकीच्या दाराला बाहेरून कडी होती. अंगणात ताट नाही, शेजारणी नाहीत. ओट्यावर काका एकटे, समोरच्या आंब्याकडे बघत बसलेले.

"काका, काकी कुठाय?"

"घरात कुणी न्हाई." आंब्यावरची नजर न हलवता ते म्हणाले, "थांबू नगंस. म्होरं व्हय."

मी म्होरं झाले. पण दुखलं. नाही म्हणणारी मी, आणि दार बंद दिसल्यावर रडवेली झालेली पण मीच. निदान तिने दारात उभं तरी राहायचं होतं. मी लांबूनच हात केला असता. इतका राग धरावा? तो चढ मी काकीशी मनातल्या मनात भांडत चढले आणि भांडणाच्या भरात दोघीतिघींना मागे टाकलं, हे मागाहून लक्षात आलं.

खिंडीत हिरवी चादर घातलेलं टेबल होतं. त्याच्या शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, पदर कमरेला खोचून, काकी बसली होती. हातात शर्यतवाल्यांनी दिलेला बिस्किटाचा पुडा. ती उजाडायच्या आत वाडीतून निघून, ज्या चढावर माझी छाती भरून आली होती, तो चढ चढून आली होती. मला बघून उठली. पहिल्यांदा टेबलापाशी बसलेल्या माणसाला विचारलं, "टायम हाय न्हवं?"

"भरपूर आहे, आजी."

"चल, चालत ऱ्हा," ती मला म्हणाली आणि माझ्याबरोबर चालायला लागली. चालता चालता तिने कमरेची चंची सोडली, माझ्या पिशवीच्या छातीवरच्या खिशाची चेन ओढली आणि आत चिमूटभर तांदूळ आणि एकच हळकुंड टाकलं. नारळ नाही. कुंकू कपाळाऐवजी गळ्याला लावलं.

"डोळ्यात जातंय म्हनतीस न्हवं."

मी म्हटलं, "दार बंद दिसलं. वाटलं, रागावलीस."

"उघडं असतं तर तू थांबली असतीस," काकी म्हणाली.

मी वाकून तिच्या पायांना हात लावला, "येते" म्हटलं आणि पलीकडच्या उताराला लागले. मागे वळून पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर पुन्हा थांबले असते, आणि हे आता आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

शेवटपर्यंत पोचले, वेळेच्या बऱ्याच आधी. नवरा कमानीपाशी पाण्याची बाटली घेऊन उभा होता. त्याने माझ्या अंगावरची पिशवी उतरवली, चेन उघडी राहिलेल्या खिशातून तांदळाचे दाणे सांडले, आणि हळकुंड त्याच्या हातात आलं. त्याने ते ओळखलं, आपल्याच दुकानातलं. सवयीने दोन्ही हातांच्या चिमटीत धरलं, आता मोडणार, एवढ्यात मी त्याचं मनगट पकडलं.

"हे मोडायचं नाही," मी म्हटलं.