सुरगाठ माझी, निरगाठ तिची

मला गाठी उत्तम मारता येतात, असं मी घरात वर्षानुवर्षं सांगत आलो आहे. घरातली माणसं ऐकून घेतात. ऐकून घेऊन पुन्हा आपल्या हातानं बांधण्यात आमच्या घरच्यांचा हात कोणी धरणार नाही.

माझी आवडती गाठ म्हणजे सुरगाठ. दोराचं टोक सरळ न ओढता दुमडून आत घालायचं, एवढीच तिची विद्या. धरायला घट्ट, आणि मोकळ्या टोकाला हिसका दिला की खलास. वडील गोठ्यातलं जनावर याच गाठीनं बांधायला लावायचे. "आग लागली, साप निघाला, तर काय गाठ सोडत बसशीन?" असं म्हणायचे. त्यांनी शिकवलेल्या शेतीपैकी एवढीच मला आली. बाकीची आली नाही म्हणून मी मास्तर झालो.

या गाठीत खोड एकच. टोक चुकलं की ती क्षणात निरगाठ होते, आणि पायजम्याची नाडी असली तर नेमकं तेच टोक हाती येतं. एकदा शाळा तपासायला साहेब आले होते. साहेब वर्गात मुलांना पाढे विचारत होते आणि त्या वर्गाचा मास्तर शाळेमागच्या बाभळीआड नाडीशी झुंजत होता. विहिरीच्या बादलीलाही सुरगाठ चालत नाही. ते मी करून पाहिलं आहे. पुढची सकाळ विहिरीत गळ टाकून बादली शोधण्यात गेली आणि पाणी भरायला आलेल्या बायांची करमणूक झाली.

बायकोची गाठ निरगाठ. पापडाच्या डब्याचं फडकं असो की पोराच्या टोपीचे बंद, ती एकावर एक अशा दोन गाठी मारणार, वर थोडं पाणी लावणार आणि दातानं ओढणार. मी सुरगाठीचे गुण सांगायला लागलो की म्हणायची, "जे सोडायचंच हाय, ते बांधायचं कायले?" 

महाराष्ट्र झाल्यानंतरच्या एका पावसाळ्यात माझी घाटंजीहून फुलसावंगीला बदली झाली. मला बदल्यांची सवय होती. माणसाला दाढदुखीची होते तशी. तिला मात्र ही बदली सोसेना. घाटंजीत तिची धाकटी बहीण आमच्याच भिंतीपलीकडे दिलेली होती. मध्ये छातीइतकी भिंत. त्या भिंतीवरून दिवसभर भाजीच्या वाट्या, उसनं तिखट आणि दोन्ही घरांतल्या पुरुषांबद्दलची मतं जा-ये करत. दोघी बहिणी एका गावात पडल्या, असं भाग्य बायांना कितीसं मिळतं? ते मी बदलीच्या एका हुकुमानं मोडलं, असा तिचा हिशेब होता. हुकूम मी काढला नव्हता, पण घरात हाताशी मीच होतो.

तिचा भाऊ यवतमाळला असायचा. त्याची शिक्षण खात्यातल्या एका बाबूशी ओळख होती. भाऊ म्हणाला, "बाई, दिवायीपावतर कळ काढ. बदली रद्द करूनच आणतो." झालं. बाईनं कळ काढायची ठरवली.

घरचं सामान बांधायला तिनं मला हात लावू दिला नाही. भांडी, गोधड्या, लुगडी, सगळं एका जाड चादरीत घालून बैलाएवढं गाठोडं केलं आणि अंबाडीच्या दोरानं आवळून निरगाठ मारली. ते एस.टी.च्या टपावर पावसात भिजलं, पुढे बैलबंडीत भिजलं आणि नव्या घरात येऊन वाळलं. अंबाडीचा दोर ओला होऊन वाळला की गाठ गाठ राहत नाही, दगड होते.

मी चादरीकडे हात नेला तर म्हणाली, "राहू द्या तसंच."

"अवं, परात आत हाय."

"असू द्या."

तिच्या माहेरचा एक समज होता. नव्या गावात मोठं गाठोडं सोडलं आणि मातीची चूल घातली, की तिथलं अन्नपाणी आपल्या नावावर लागतं. मग त्या गावातून लवकर सुटका नाही. म्हणून गाठोडं बांधलेलं आणि चूल तीन विटांची. हाताशी एक लहान पोटली होती, त्यातल्या तवा, भाताचा गंज, एक पेला आणि चार वाट्यांवर आमचा संसार चालू झाला. पाहुणा आला तर त्याला पेल्यात चहा, मला वाटीत. दोन पाहुणे आले तर मी चहा सोडल्याचं सांगायचो.

पावसाळा संपला, पऱ्हाटीला बोंडं आली, तरी गाठोडं जागच्या जागी. पोरं त्याचा घोडा करायची. मी शाळेतून पाय ओढत यायचो आणि त्याला टेकायचो. आत परात कुठल्या अंगाला आणि खलबत्ता कुठल्या, हे माझ्या पाठीला पाठ झालं होतं. समजूत घालायला जीभ उचलावी असं रोज वाटायचं, पण दिवसभर साठ पोरांवर ओरडलेल्या माणसाला संध्याकाळी एका बायकोशीही बोलायचं त्राण नसतं.

जवळच्या बंजारा तांड्यावरची एक बाई आम्हाला दूध घालायची. हातभर बांगड्या, कपाळाला लोंबतं रुप्याचं लेणं, आणि तोंड असं की दुधापेक्षा तेच जास्त मापानं मिळायचं. एक दिवस ओट्यावर बसून तिनं आत नजर टाकली.

"मास्तरीनबाई, तुमी गावात आल्या, का चालल्या?"

"चालल्या," बायको म्हणाली. "दिवायी झाली की."

"हां. आमचे बुढे बी असेच हिंडत. बैलाच्या पाठीवर धान, मीठ, सारा माल. पन सांजेले उतरवत बरं का. बैल बोलत नाई, पन त्याचीबी पाठ असते."

"बैलाचं नाव काहून घेता? सरळ मास्तराचं घ्या," मी म्हणालो.

"गुरुजी, तुमी बोलता म्हनून नाई घेतलं."

बायको पदर तोंडाला लावून हसली. फुलसावंगीत आल्यापासून पहिल्यांदाच.

दिवाळीला भाऊ आला. हातपाय धुतले, फराळाच्या ताटावर बसला. ताट म्हणजे पळसाची पत्रावळ. बायको समोर उभी. तो खाली पाहून चकली मोडत होता.

"दादा, काय झालं त्या बाबूचं?"

"होऊन राह्यलं."

"म्हंजे काय होऊन राह्यलं?"

भावानं चकली खाली ठेवली. "अवं बाई, त्या बाबूचीच बदली झाली. पार चांद्याकडे. तोच बिचारा कोन्या साहेबाच्या मागं फिरून राह्यला, रद्द करा म्हनून."

मला हसू आलं आणि मी ते ठसक्यात घातलं. बायको हसली नाही. भाऊ गेल्यावर म्हणाली, "तो गेला तर दुसरा येईन. खुर्ची का रिकामी राह्यते?" आणि गाठोड्याभोवतीची जागा झाडून घेतली. न सोडलेल्या गाठोड्याची इतकी निगा मी कुठे पाहिली नाही. रात्री तिच्या कुशी बदलण्याचा आवाज यायचा. मला सांगायचं होतं, की मीही थकलो आहे, मलाही ती भिंत आठवते. त्या भिंतीवरून येणारी भाजी आपल्या घरच्यापेक्षा बरी असायची. शेवटचं वाक्य आड आलं आणि मी घोरण्याचं सोंग घेतलं.

थंडीच्या दिवसांत एका सकाळी दूधवाली दूध न घेताच आली. डोळे तांबारलेले. तिची सून पहाटे बाळंत झाली होती. मुलगी होती. आधीची दोन लेकरं राहिली नव्हती, हे आम्हाला ठाऊक होतं. तिनं ओट्यावर पदर पसरला.

"बाई, जुनं कापड द्या. अंगावर वापरून मऊ झालेलं. तुमच्या घरी लेकरं जगले, तुमच्या घरचंच पायजे."

तसा रिवाजच होता. नव्या जिवाच्या अंगाला पहिलं कापड दुसऱ्याच्या घरचं, मागून आणलेलं. नवं नाही आणि आपलं नाही.

मी पुढे होऊन माझा सदरा काढून दिला. तिनं तो दोन बोटांत धरून उजेडात पाहिला. "गुरुजी, लेकरू गुंडायचं हाय. शाळेतला फया पुसायचा नाई."

बायको आतल्या गाठोड्याकडे पाहत होती. मऊ कापड होतं, पण ते आत होतं. निघताना बहिणीनं तिला आपलं वापरातलं लुगडं दिलं होतं. ते तिनं पाण्याच्या पितळी गुंडाला गुंडाळलं होतं. गुंड पोचू नये म्हणून, असं सांगायची. खरं कारण बहीण, हे मला ठाऊक होतं, आणि ते मला ठाऊक आहे हे तिला ठाऊक होतं. 

ती उठली आणि गाठोड्यापुढे बसली.

"विळा देऊ?" मी विचारलं.

"कापायची नाई. कापला की दोर गेला."

मग मी माझी विद्या दाखवायला सरसावलो. नखं लावली, दात लावला, दाताचा टवका उडाला. गाठ ढिम्म. "सरका," ती म्हणाली. तिनं अंगणातला गोल दगड आणला आणि गाठ चारी अंगांनी ठेचायला लागली. हळूहळू, लसूण ठेचावा तशी. अंबाडी सैलावली. मग दाभण खुपसून तिनं एक पदर उचलला, मग दुसरा. दूधवाली दारात उभी राहून पुटपुटत होती. देवाला की दोराला, कळलं नाही. बराच वेळ लागला. बायकोच्या कपाळावर थंडीत घाम आला होता आणि ओठ मिटलेले होते. गाठ सुटली. तिनं हाताची बोटं तेवढी उघडून-मिटून पाहिली.

लुगडं निघालं. निळं, धुऊन धुऊन आभाळाच्या रंगाचं झालेलं. तिनं ते नाकाशी नेलं. मग काठाला दात लावून टरकन फाडलं. अर्धं दूधवालीच्या पदरात टाकलं, अर्धं आपल्या मांडीवर ठेवलं.

"आंघोय घातली का पोरीले?"

"आता घालतो जाऊन."

"मग जा ना बाई. उभी काहून राह्यली? थंडी हाय."

दूधवाली गेली. घरभर भांडी पसरली होती. परात, गुंड, खलबत्ता, पोळपाट. जुने सोयरे अचानक आल्यासारखे. आता ते पुन्हा बांधण्याचं बळ दोघांपैकी कोणातच नव्हतं. बायको त्यांच्याकडे पाहत बसली. मला वाटलं, आता रडेल. मी तयारीत होतो.

"पाह्यता काय?" ती म्हणाली. "शाळेले जाच्या आधी मांडणीले दोन फळ्या ठोका. आन् येताना माती आना, चुलीले."

मी फळ्या ठोकल्या. एक तिरपी ठोकली. तिनं तिच्यावर मुद्दाम जड भांडी ठेवली नाहीत, पण बोललीही नाही, यावरून ती किती थकली होती ते मला समजलं.

संध्याकाळी घरी आलो तर अंगणात तोच दोर कडुलिंबापासून ओट्याच्या खांबापर्यंत ताणलेला होता आणि त्यावर गोधड्या टाकल्या होत्या. महिनोन्महिने बांधून त्यांना कुबट वास लागला होता. खांबाकडची गाठ तिनं निरगाठ मारली होती. झाडाकडचं टोक हातात धरून ती उभी होती.

"इकडे तुमची मारा," ती म्हणाली. "ढिला झाला की वढून घेता येईन."

मी मारली. तिनं मोकळं टोक ओढून पाहिलं. दोर खाली आला, गोधडी जमिनीला टेकली. मी पुन्हा मारली.