ढाण्या वाघ, डोळस माणूस आणि एक काळी छत्री

हसायचं असेल ना, तर चहा यायच्या आत हसून घ्या. हा किस्सा ऐकता ऐकता एका पाहुण्याचा चहा नाकातून आला होता, आणि त्याच्या बायकोनं डोळे वटारले होते माझ्यावर! फजिती माझीच आहे, म्हणून रंगवून सांगायला मी मोकळा. आणि फजिती कुठे झाली? घराच्या कोपऱ्यात नाही. वडशाला, रेल्वे स्टेशनसमोर, चहाच्या टपरीवर, भर दुपारी!

आमचं गाव वडशापासून फार लांब नाही, पण जंगलाला खेटून. गावात रस्ता आहे, वीज आहे, नळाला पाणी आहे. मोबाइलला रेंज तेवढी नाही. घरात मोबाइल म्हणजे नुसता टॉर्च. रेंज येते ती बोडीच्या पाळीवर. बोडी म्हणजे आमचा धानाला पाणी देणारा लहान तलाव, आणि पाळ म्हणजे त्याचा बांध. त्यातही पाळीवरच्या मोहाच्या झाडाखालीच येते. जरा सरकलात की गेली! म्हणून सकाळ-संध्याकाळ अर्धं गाव त्या मोहाखाली एकमेकांकडे पाठ करून उभं असतं.

मी किसन. धानाची शेती करतो, पण गावात मला ओळखतात ते भजनातला पेटीवाला म्हणून. आणि माझ्या शेजारी बसतो नामदेवभाऊ, मृदंगवाला. लहानपणापासूनची जोडी. पाळीवरही तो माझ्याच शेजारी. इतका गरीब माणूस की बैलालासुद्धा 'चला भाऊ' म्हणेल. त्याच्याशिवाय मला वाजवता येत नाही, हे मी त्याला कधी सांगितलेलं नव्हतं. अशा गोष्टी आपण सांगतो का कधी?

आता माझ्या बायकोनं, शेवंतानं, मला मोबाइलवर भांडायची सक्त बंदी घातली होती. कारण निवडणुकीच्या वेळी नातेवाइकांच्या ग्रुपवर मी साडूशी भांडलो, आणि त्यानं पोरीच्या लग्नाची पत्रिका फक्त शेवंताच्या नावानं पाठवली. ती तिकडे पंगतीत जेवली, मी इकडे सकाळचा गार भात खाल्ला.

पण बंदी म्हणजे स्वतःच्या नावानं भांडायची बंदी, असा मी सोयीस्कर अर्थ काढला. जिल्ह्यातल्या लोकांचा एक मोठा ऑनलाइन ग्रुप आहे, 'बोला बिनधास्त'. त्यात मी 'ढाण्या वाघ' या नावानं शिरलो. फोटोही वाघाचाच लावला. आमच्याकडे त्यात काही नवल नाही, त्या ग्रुपवर जंगलापेक्षा जास्त वाघ आहेत.

आणि एक दिवस तिथं कोणीतरी मशीननं लिहिलेलं भजन टाकलं!

म्हणजे काय, मोबाइलला म्हणायचं, 'गावदेवीवर भजन लिही', की दूध उतू जायच्या आत भजन तयार. यमक बरोबर, ठेका बरोबर, शेवटी 'दास म्हणे'सुद्धा! कोणाचा दास? कंपनीचा? माझ्या तर अंगाचा तिळपापड झाला. मी लिहिलं, 'या भजनात भाव नाही.'

लगेच खाली उत्तर. लिहिणाऱ्याचं नाव 'डोळस माणूस'. फोटो नुसत्या चष्म्याचा. 'भाव मोजायचं माप तुम्ही कुठून आणलं?'

मी लिहिलं, 'मशीन देव मानत नाही!'

तो म्हणाला, 'पण देव मशीन मानत असेल तर?'

आता याला काय उत्तर आहे? मला सुचेना. आणि उत्तर सुचलं नाही की माणूस ऑनलाइन काय करतो? मीही तेच केलं. त्याला विचारलं, 'तू कोणत्या पक्षाचा?'

झालं! भजन राहिलं बाजूला. तो म्हणाला, मी अंधभक्त. मी म्हणालो, तू धर्मबुडव्या. तो म्हणाला, बोलायचं स्वातंत्र्य सगळ्यांना आहे. मी म्हणालो, मग तुला 'गप बस' म्हणायचं स्वातंत्र्य मलाही आहे! ग्रुपच्या अ‍ॅडमिननं माझी एक कमेंट उडवली, तर मी अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या गळचेपीवर पानभर लिहिलं. आणि दुसऱ्या दिवशी त्याच अ‍ॅडमिनला निरोप धाडला, की या डोळस माणसाच्या कमेंटा उडवा म्हणून.

या सगळ्या धुमाळीत पाळीवर मात्र एक वेगळीच गोष्ट घडत होती. मी पोस्ट टाकली, की थोड्या वेळानं शेजारी नामदेवभाऊ कळवळायचा, "अरे, अरे, अरे!"

मला वाटायचं, बिचाऱ्याला गॅसेसचा त्रास आहे. मी त्याच्यासाठी घरून ओवा न्यायला लागलो!

"खाऊन घ्या भाऊ," मी म्हणायचो, "पोट साफ तर डोकं साफ."

तो बिचारा मुकाट्यानं खायचा. आणि मी मोबाइल बघून ताडकन उडालो, की तोच मला काळजीनं विचारायचा, "काय चावलं भाऊ? इथी मुंग्या लय आहेत. इकडे सरका."

तुमच्या ध्यानात आलं असेल. हसू नका, माझ्या नाही आलं! तो डोळस माणूस माझ्या डोळ्यांसमोर चंद्रपूरच्या एखाद्या एसीच्या खोलीत बसलेला होता. दाढीवाला, जाडा, खुर्चीत रेललेला. मोबाइलवर मी ज्याला 'अबे तू' म्हणत होतो, तो माझ्या खांद्याला खांदा लावून ओवा चघळत असेल, हे वाघाच्या डोक्यात येणार कसं?

शेवटी माझा ताबा सुटला. मी लिहिलं, 'हिंमत असेल तर समोर ये!'

लिहिलं आणि जीभ चावली. त्यानं उत्तर दिलं, 'सांग कुठे!'

ग्रुपवर तर यात्रा भरली. 'भेटा, भेटा!', 'वाघ पळाला काय?', 'आम्हाला व्हिडिओ पाहिजे!' माघार घ्यायची सोय नव्हती. रविवार, वडसा, स्टेशनसमोरची टपरी असं ठरलं. खूण म्हणून मी लिहिलं, 'माझ्या डोक्याला लाल दुपट्टा असेल.' तो म्हणाला, 'माझ्याकडे काळी छत्री असेल.'

थंडीच्या दिवसात छत्री! म्हटलं, हा नक्की छत्रीनंच मारणार.

खोटं कशाला बोलू? वाघाची गाळण उडाली. एकट्यानं जायची छाती होईना. मी नामदेवभाऊला म्हणालो, "पेटीचा भाता दुरुस्त कराले वडशाले जाऊन राह्यलो. येता का संगं?"

तो पटकन म्हणाला, "हाव नं! मले बी वडशाले कामच आहे."

किती बरं वाटलं मला! फटफटी काढली, निघालो. आणि अर्ध्या रस्त्यात माझ्या डोक्यात एक विचार आला. सांगायची लाज वाटते, पण सांगतो. लाल दुपट्टा जर दुसऱ्याच कोणाच्या डोक्याला असला, तर पहिला दणका कोणाला बसेल?

मी फटफटी थांबवली. "भाऊ, हवा लय गार आहे. कानात जाईन तुमच्या. हा दुपट्टा बांधा."

त्याचे डोळे भरून आले हो! "किती जीव लावता किसनभाऊ," म्हणाला, आणि त्यानं कान झाकून घट्ट गाठ मारली.

वडशाला टपरीपाशी उतरलो. मी म्हणालो, "तुमी बाकावर उन्हात बसा भाऊ, मी इकडे उभा राह्यतो." त्यानं लगबगीनं पिशवीतून एक वस्तू काढून माझ्या हातात दिली. "ऊन लागन तुमाले. हे धरा. उघडून धरा बरं का!"

छत्री होती. काळी.

तुम्ही म्हणाल, आता तरी? नाही! माझं सगळं लक्ष रस्त्याकडे. भीती पोटात असली की माणूस लोकांचे हात बघतो, स्वतःचे बघतो का? मी छत्री डोक्यावर धरून काळी छत्रीवाला शोधायला लागलो.

टपरी चालवणारी बाई भजी तळत होती. मी हळूच विचारलं, "बाई, इथी कोणी काळी छत्रीवाला आला काय?"

तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या डोक्यावर. "कोण?"

"काळी छत्रीवाला. बदमाश माणूस आहे."

बाई झारा हातात धरून नुसती बघत राहिली. मी भिंतीआड सरकलो, तर नामदेवभाऊ उठून तिच्यापाशी गेला. "बाई, लाल दुपट्टेवाला दिसला काय कोणी?"

"लाल दुपट्टेवाला?"

"हाव. लय भांडखोर आहे म्हणते. दिसला तर मले डोळा मारजा."

पुन्हा मी गेलो. पुन्हा तो गेला. तिच्या कढईतली भजी करपली. शेवटी मी मोठ्या हिमतीनं मोबाइल काढून पोस्ट टाकली, 'ढाण्या वाघ आला आहे! डोळस माणूस घाबरून घरी बसला!' वडशाला रेंज कशी फुल्ल! तिकडे बाकावर टिंग वाजलं, आणि नामदेवभाऊ कळवळला, "अरे, अरे, अरे!"

माझा हात सवयीनं खिशातल्या ओव्याकडे गेला, आणि बाईचा संयम संपला.

"बस्स करा नं!" ती झारा घेऊनच बाहेर आली. "नाटकाची तालीम करून राह्यले काय तुमी? या वडशात नाटकवाले लय पाह्यले मी, पण असे गिऱ्हाइकाच्या वेळेले येत नाई!" तिनं मला दंडाला धरलं, नामदेवभाऊसमोर नेऊन उभं केलं. "हा घ्या लाल दुपट्टेवाला. अन् हा घ्या काळी छत्रीवाला. भेटा!"

मी म्हणालो, "अवो बाई, हे छत्री तर याची..."

तो म्हणाला, "अन् हा दुपट्टा तर त्याचा..."

मी त्याच्या डोक्याकडे पाहिलं, त्यानं माझ्या.

"ढाण्या वाघ?" नामदेवभाऊ अगदी बारीक आवाजात म्हणाला.

"डोळस माणूस?"

तो खाली बसला. मी छत्री मिटायला गेलो, ती मिटेना. मग त्यानं मान वर केली. "किसनभाऊ, हा दुपट्टा तुमी मले काऊन बांधला?"

"अन् तुमी मले छत्री काऊन देल्ली?"

"मंग मार मलेच खायले लावत होते?"

"अन् तुमी मले!"

त्यानं दुपट्टा सोडला, घडी करून बाकावर ठेवला. "मी बसनं जातो," म्हणाला, आणि खरंच स्टँडकडे चालायला लागला.

हसताय ना? त्या क्षणी मला हसू येत नव्हतं. बैलाला 'भाऊ' म्हणणारा माणूस माझ्याकडे पाठ करून निघाला होता. संध्याकाळी गावात भजन होतं. म्हटलं, हा गेला तर माझ्या शेजारची जागा रिकामी राहील, आणि ती भरायला जगात दुसरा माणूस नाही. मी मागे धावलो. आणि जे पोटात होतं तेच एकदम बाहेर आलं.

"नामदेवभाऊ! तुमच्याबिगर मले वाजवताच येत नाई हो!"

तो थांबला. वळला. त्याचं तोंड रडवेलं होतं. "तुमी मले मोबाइलवर गाढव म्हनलं," तो म्हणाला, "अन् वरून ओवा बी खाऊ घातला!"

आणि असं म्हणताना त्यालाच फिसकन हसू फुटलं. मग मला. मग आम्ही दोघं रस्त्याच्या मधोमध एकमेकांचे खांदे धरून असे हसलो, की रिक्षावाल्यांनी हॉर्न वाजवायचं सोडून आधी आमच्याकडे पाहून घेतलं. टपरीवालीनं करपलेली भजी आमच्याच माथी मारली. एकाच बशीत खाल्ली, गोड लागली.

संध्याकाळच्या भजनात काय मृदंग बोलला म्हणून सांगू!

किस्सा इथंच संपायला हवा होता. पण आमच्या दोघांच्या अंगात भलतीच माणुसकी संचारली होती. दुसऱ्या दिवशी पाळीवर उभं राहून आम्ही 'बोला बिनधास्त'वर लिहिलं, 'आम्ही भेटलो. दोघांचंही थोडं थोडं चुकलं होतं. एकमेकांची माफी मागितली. आता वाद मिटला आहे.'

मग पहिली कमेंट आली, 'दोन्ही अकाउंट मशीनचे आहेत!'

'बरोबर! ऑनलाइन माफी मागणारा माणूस कोणी पाहिलाय?'

'भाषा बघा, किती समजूतदार. मशीनच!'

मी घाईघाईनं लिहिलं, 'मी माणूस आहे!' उत्तर आलं, 'मशीन असंच म्हणते.' नामदेवभाऊनं शपथ घेतली, तर लोक म्हणाले, मशीन आता शपथाही घ्यायला लागलं, काय जमाना आलाय! मशीनला भाव नसतो म्हणून ज्यानं रान उठवलं, त्या वाघालाच अ‍ॅडमिननं नोटीस धाडली, 'संध्याकाळपर्यंत माणूस असल्याचा पुरावा द्या, नाहीतर काढून टाकू.'

कुठून आणू पुरावा? शेवटी सगळी लाज गुंडाळून शेवंताला सांगितलं. बंदी मोडली ते सांगितलं, दुपट्टा सांगितला, छत्री सांगितली. तिनं हातातलं काम टाकलं. पदर खोचला, तरातरा पाळ चढली, मोहाखाली उभी राहिली आणि स्वतःच्या नावानं, स्वतःच्या फोटोसकट तिनं ग्रुपवर लिहिलं:

'हा ढाण्या वाघ माहा नवरा होय. मशीन नाई. मशीन सांगितलेलं काम तरी करते.'

'बोला बिनधास्त'वर आजवर देवावर, पक्षावर, मशीनवर, कशावरच लोकांचं एकमत झालेलं नव्हतं. त्या दिवशी झालं.